देव बदलापुरास निघाले

श्रीगजाननाच्या आगमनाची चाहूल लागली, की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. यंदा मूर्ती बसवायची कोठे? वाड्यांतून राहणाऱ्यांस या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. माजघरातील कोनाडा, त्याखालचा चौरंग, वर टांगलेली मंडपी, सारे आजोबांच्या काळापासून ठरलेले असते. परंतु ज्यांचे सगळे घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, त्यांस गणरायासाठी जागा करावयाची तर आधी पलंग भिंतीशी उभा करावा लागतो, शिलाई मशीन शेजारी न्यावे लागते आणि मुलांचे दप्तर-पुस्तक खिडकीत चढवावे लागते. अशा घरांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या घरचे कुलदेव आता अशाच एका घरी राहावयास गेले आहेत. ते तेथे कसे गेले, हे सांगताना आमच्या अभिमानाची हकिगतही सांगणे भाग आहे.

आम्ही चंद्रभागेच्या तीरावर वाढलो. कीर्तन घराण्यातले, संस्कृताचे अध्ययन-अध्यापन हा व्यवसाय. पहाटे काकडआरतीचा घोष कानी पडावा आणि रात्री शेजारतीनंतर गाव निजावे, हाच आमच्या दिवसाचा क्रम. देव राहतात ते क्षेत्री, आणि इतरत्र माणसे केवळ पोट भरण्यासाठी राहतात, असा एक समज आमच्या मनात न कळत घर करून बसला होता.

चिरंजीवांनी मुंबईत नोकरी धरली, काही वर्षे भाड्याच्या खोल्या बदलल्या आणि अखेर बदलापुरास स्वतःचे घर घेतले. "इतक्या दूर का?" असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिले, "बाबा, मुंबईत या पैशांत एक खोलीही मिळत नाही. पगार जेथवर पुरतो तेथवर गाडीने जायचे आणि तेथे उतरायचे." लग्नानंतर पहिल्या दिवाळीस सूनबाईंनी कुलदैवतांचे टाक नव्या घरी नेण्याची इच्छा दर्शविली. आम्ही म्हणालो, "जेथे तिन्हीसांजेला दिवा लावायला घरात माणूस नसते, तेथे देव द्यायचे कसे?" सूनबाई काही बोलल्या नाहीत. माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण एवढेच घेऊन त्या परत गेल्या. ते न बोलणे आमच्या मनात राहून गेले होते.

विठ्ठलवाडीच्या पुढे

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही प्रथमच मुक्कामासाठी तिकडे गेलो. पत्नीच्या पश्चात वाड्यात आम्ही एकटेच होतो, आणि नातवाने हट्ट धरला होता. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. घाट उतरून ती गाडी बदलापूर मागे टाकून पहाटे कल्याणास आली. तेथे उतरून आल्या वाटेने पुन्हा लोकलने मागे जावयाचे. ज्या गावावरून मोठ्या गाड्या न थांबता धावतात, त्या गावी आपला मुलगा राहतो, हा विचार त्या पहाटे मनास लागला.

परंतु कल्याण सुटताच पहिले स्थानक आले ते विठ्ठलवाडी! पंढरीच्या माणसास याहून मोठा शकुन कोणता? पुढचे उल्हासनगर. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे येथील लष्करी छावणीच्या बराकींतून राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीस हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या त्या लोकांनी झुलेलाल मात्र बरोबर आणला. त्यापुढे अंबरनाथ. तेथील शिवालय शिलाहारांच्या काळचे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. आणि मग आमचे बदलापूर. चार स्थानकांच्या अंतरात एक विठ्ठलाचे नाव, एक विस्थापितांचे नगर आणि एक साडेनऊशे वर्षांचे देवालय ओलांडून आम्ही 'देव नसलेल्या' गावी पोचलो!

येथे पूर्वी प्रवासी घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर, असे जुने लोक सांगतात. पश्चिमेस उल्हास नदीच्या बाजूला जुने गाव, पूर्वेस कुळगाव. १८५६ साली कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे रेल्वे गेली ती येथूनच. तरीही दीर्घकाळ हे भातशेतीचे गावच होते. मुंबईतील घरे आवाक्याबाहेर गेली, तसतशी माणसे आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण आणि पुढे येथवर सरकली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत एक लाखाच्या आत लोक होते. २०११ मध्ये हा आकडा पावणेदोन लाखांच्या घरात गेला. जवळच कोंडेश्वराचे शिवस्थान आहे, मुळगावच्या टेकडीवर खंडोबा आहे. आमचे कुलदैवत आमच्या आधीच तेथे येऊन बसले होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते इतकेच.

पहाटेचा काकडा

पहिल्या पहाटे साडेचारला सवयीने जाग आली. वाटले, सारे निजलेले असेल. खिडकी उघडून पाहतो तो समोरच्या इमारतीत मजल्यामजल्यावर दिवे लागलेले! कुकरच्या शिट्ट्या, पोळपाटावरच्या लाटण्याचा आवाज, नळाखाली भरणाऱ्या बादल्या. पंढरीत ज्या वेळी विठुरायास जागे करण्यासाठी काकडा पेटतो, त्याच वेळी येथे घराघरांतील गृहिणी गॅस पेटवून उभी असते. पावणेसहाच्या गाडीस डबा तयार हवा.

बदलापूरपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. जलद लोकलने सुमारे दीड तास, तोही बहुतेकांचा उभ्याने. जाऊन-येऊन तीन तास. आम्ही सहज हिशेब मांडला. वर्षातील ३०० दिवस धरले, तरी ९०० तास होतात, म्हणजे सदतीस अहोरात्रांहून अधिक. आळंदीहून माउलींची पालखी निघते ती अडीच-तीन आठवड्यांत पंढरीस पोचते. ही माणसे दरसाल दोन वाऱ्यांइतका काळ वाटेवर असतात, आणि त्यांच्या वाटेवर कोणी स्वागताच्या कमानी उभारीत नाही. त्या वारीतही भजन आहे. डब्यात टाळ वाजवून अभंग म्हणणारी मंडळे आहेत. दसऱ्याच्या सुमारास हीच मंडळी आपल्या डब्यास झेंडूच्या माळा बांधून त्याची पूजा करतात. शस्त्र-अवजारांच्या पूजेची परंपरा असलेल्या आपल्या धर्मात, ज्या वाहनावर घर चालते त्याची पूजा व्हावी यात नवल नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेस आम्ही आत जप करीत बसलो होतो. नातू खाली खेळत होता. इतक्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. सूनबाई इतक्या लवकर कशा, म्हणून पाहतो तो समोरच्या बिऱ्हाडातील मालवणकडच्या काकू, पदर खोचलेला, हातात तेलाची बुधली. आम्हांस पाहून त्या थबकल्या.

"बुवा, तुम्ही आलात ते विसरलेच मी. सवयीने किल्ली घेऊन आले."

"कशासाठी?"

"दिवा लावायला. सूनबाईंनी सांगून ठेवलंय, गाडीला उशीर होतो, तिन्हीसांज चुकता कामा नये. चार वर्षं झाली, मीच लावते."

त्यांनी फडताळातील त्या इवल्याशा देव्हाऱ्यापुढे निरांजन लावले, अन्नपूर्णेस हळदकुंकू वाहिले, आम्हांस नमस्कार केला आणि निघून गेल्या. त्यांच्या भिंतीवर आम्ही पुढे पाहिले, खिळ्यांवर ओळीने सात बिऱ्हाडांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. शाळा सुटल्यावर नातू प्रथम त्यांच्याकडेच जेवतो, हेही तेव्हाच कळले.

आम्ही बराच वेळ त्या ज्योतीकडे पाहत बसलो. कीर्तनासाठी आम्ही परगावी जातो, तेव्हा आमच्या वाड्यातील देवांपुढे दिवा कोण लावते? पत्नी होती तोवर ती. आता शेजारचे वैद्य. स्वतःच्या घरी जो शेजारधर्म आम्ही गृहीत धरला होता, तोच सुनेच्या घरी असेल ही शक्यताही आमच्या मनात आली नव्हती.

कीर्तनाचा मुहूर्त

श्रावणातील सोमवारी इमारतीच्या मंडळींनी कीर्तनाचा आग्रह केला. तळमजल्यावर मोटारसायकली हलवून सतरंज्या अंथरल्या, पाट मांडला, समया लावल्या. वेळ सातची ठरली. सात वाजता समोर पाहतो तो पाच-सात वृद्ध आणि कडेवरची मुले. आम्ही थोडे थांबलो आणि मनात नाराज होऊन नमनास आरंभ केला. ज्यांनी आग्रह केला ते यजमानच नाहीत, ही कसली श्रद्धा, असा विचार पूर्वरंग चालू असता डोकावत होता.

पूर्वरंग आटोपला, बुक्का लावला गेला, हार घातला गेला आणि उत्तररंगास हात घालणार, तोच सव्वानऊच्या सुमारास फाटकातून माणसे येऊ लागली. खांद्यावर पिशव्या, हातात रिकामे डबे, पावसाने भिजलेले कपडे. कोणी घरी गेले नाही. नळावर पाय धुऊन थेट सतरंजीवर येऊन बसले. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बुवा, क्षमा करा. साहेबांस सांगून लवकर निघालो होतो, पण गाडी मिळाली ती हीच."

आख्यान लावले होते भक्त पुंडलिकाचे. हे आख्यान आम्ही शेकडो वेळा सांगितले आहे. मातापित्यांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक दारी आलेल्या देवास उभे राहावयास वीट देतो आणि थांबावयास सांगतो, आणि देव थांबतो. त्या रात्री समोरच्या थकल्या चेहऱ्यांकडे पाहत ते सांगताना आमचा कंठ दाटून आला. आपल्या पंढरीचा देवच मुळी कर्तव्यात गुंतलेल्या माणसाची वाट पाहत उभा राहिला आहे, आणि त्या देवाची कथा सांगणारे आम्ही दोन तास थांबावयास तयार नव्हतो! आम्ही तेथेच श्रोत्यांची क्षमा मागितली आणि पूर्वरंग पुन्हा थोडक्यात सांगितला. आरती झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पहाटे साडेचारला पुन्हा सर्व खिडक्यांतून दिवे लागलेच.

संकष्टीची रात्र

श्रावण वद्य चतुर्थीची गोष्ट याहून निराळी आहे. सूनबाईंस संकष्टीचे व्रत आहे. चंद्रोदय नऊच्या सुमारास होता. दुपारपासून पाऊस लागला आणि सायंकाळी रुळांवर पाणी आले. चिरंजीव कामासाठी परगावी होते. साडेआठास सूनबाईंचा दूरध्वनी आला. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी आहे, दिवे मंद झाले आहेत, बायकांच्या डब्यात पाय ठेवावयास जागा नाही. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते.

साडेनऊस पुन्हा दूरध्वनी आला. या वेळी आवाज क्षीण होता. "बाबा, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. टिकल्या-पिना विकणाऱ्या बाईंनी स्वतःजवळची दोन केळी देऊ केली आहेत. चंद्र तर ढगांत आहे, आणि नैवेद्यही झालेला नाही. खाल्ले तर व्रत मोडेल का?"

क्षणभर आमच्या जिभेवर नियमच आला होता, हे कबूल करावयास हवे. परंतु त्या मुलीने रागावून नव्हे, विश्वासाने विचारले होते, आणि उत्तर चुकले असते तर ती तशीच उभी राहिली असती. पंढरपुरातच इ.स. १७९० च्या सुमारास काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 'धर्मसिंधु' रचला. असे ग्रंथ आम्ही जन्मभर शिकविले. शास्त्रकारांनी आठ गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांनी व्रताचा भंग होत नाही. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. फळ तर त्यांत आहेच. आम्ही म्हणालो, "सूनबाई, केळे फळ आहे, आणि या क्षणी ते औषधही आहे. शिवाय आम्ही वडीलकीने आज्ञा करतो आहोत. त्या बाईंस नमस्कार सांगा आणि आधी खा. अर्घ्य पंचांगातील वेळेस आम्ही येथून देतो, नैवेद्यही आम्ही दाखवितो."

नैवेद्य मात्र आम्हांस कोठून येणार? तो काकूंनी सायंकाळीच करून ठेवला होता. एकवीस मोदक, केळीच्या पानाने झाकलेले. ढगांनी भरलेल्या आकाशाकडे पाहून आम्ही गच्चीतून अर्घ्य दिले. नातू आमचे उपरणे धरून उभा होता. त्याने विचारले, "आबा, आई कधी येणार?" आम्ही उत्तर दिले नाही. आमच्याजवळ ते नव्हते.

सूनबाई आल्या त्या रात्री दीडच्या सुमारास, गुडघाभर पाण्यातून, दोघी मैत्रिणींच्या आधाराने. जिन्यात सहा बिऱ्हाडांची माणसे जागी होती. कोणी गरम पाणी आणले, कोणी कोरडे लुगडे. पुढे त्यांनी सांगितले, की केळे एकीने खाल्ले असे नाही. त्या बाईंनी दोन केळ्यांचे आठ तुकडे केले होते, आणि डब्यात संकष्टी धरलेल्या आठजणींनी एकाच वेळी व्रत सोडले.

या गावास पाण्याची ओळख जुनी आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. २०१९ च्या जुलैत कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या वेळी शासकीय पथकांबरोबर आसपासचे गावकरीही मदतीस धावले होते.

दोष कोणास द्यावा

वाचकहो, यावरून आम्ही कष्टांचे कौतुक करतो आहोत असे कृपा करून समजू नये. आईची वाट पाहत झोपी जाणारे मूल पाहणे सुखाचे नाही. दाराशी लोंबकळत जाणाऱ्या तरुणाच्या घरी त्याचे आईवडील रोज जीव मुठीत धरून बसतात. स्वस्त घराची उरलेली किंमत ही माणसे आयुष्याच्या तासांनी फेडीत असतात.

आपल्या शास्त्रांनी यज्ञयागादी कर्मांस 'इष्ट' म्हटले, आणि विहिरी, तळी, बागा, अन्नसत्रे यांस 'पूर्त' म्हटले. दोन्ही मिळून धर्म पुरा होतो. आज जो या वस्त्यांस पुरेसे पाणी देईल, चालण्यायोग्य रस्ता देईल, बसावयास जागा असलेली गाडी देईल, तो पूर्तधर्मच आचरील. उत्सवात रोषणाई करणाऱ्या मंडळांनी आणि राज्य चालविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. व्रत करणाऱ्यांच्या सोशिकपणावर कारभार चालवणे हा राजधर्म नव्हे.

टाकांची डबी

त्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आधी आम्ही पंढरपुरास परतलो. देव्हाऱ्यापुढे बसून खंडोबा आणि तुळजाभवानी यांचे टाक दुधाने व पाण्याने धुतले, लाल वस्त्रात गुंडाळले आणि पत्नीच्या कुंकवाच्या जुन्या चांदीच्या डबीत ठेवले. त्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये ती डबी आम्ही मांडीवरून खाली ठेवली नाही. विठ्ठलवाडी आली तेव्हा उजाडत होते.

सूनबाईंच्या हाती डबी दिली तेव्हा आम्ही इतकेच म्हणालो, "उशीर झाला." त्या म्हणाल्या, "बाबा, इथं सगळेच उशिरा येतात."

काकू दरवर्षी गणपतीस कोकणात जातात. इमारतीतील अनेक बिऱ्हाडे जातात. निघताना त्या आमच्या दाराशी आल्या आणि सातही किल्ल्या आमच्या हाती ठेवून म्हणाल्या, "बुवा, तुळशींना पाणी, आणि तिन्हीसांजेला दिवे तेवढे." तेव्हापासून भाद्रपदातील ते दहा दिवस आम्ही बदलापुरास काढतो. यंदाही आमच्याकडे त्या किल्ल्या आहेत. सायंकाळी तेलाची बुधली घेऊन आम्ही मजल्यामजल्यावर फिरतो, कुलपे उघडतो, दिवे लावतो. गुडघे कुरकुरतात, तरी हे काम कीर्तनाहून हलके वाटत नाही आणि कमी पुण्याचेही वाटत नाही.

आरतीची वेळ या इमारतीत रात्री साडेनऊची आहे. तोवर गणराय वाट पाहतात. तो विघ्नहर्ता वाटेवर असलेल्या प्रत्येकास सुखरूप घरी आणो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.